दारावरची थाप

अधिवेशन आटोपल्यावर त्यातले काय उरते, हा प्रश्न आपण सहसा कोणाला विचारीत नाही. मांडव उतरतो, खुर्च्या भाड्याच्या दुकानी परत जातात, पाहुण्यांच्या गळ्यातले हार सुकतात. भाषणे कार्यवृत्तात छापली जातात आणि ते कार्यवृत्त कपाटात जाऊन पडते. परत आलेल्या प्रतिनिधीला घरच्या माणसांनी विचारले, तर तो जेवणाची तारीफ करतो, रात्रीच्या गाण्याचे वर्णन करतो, आणि प्रमुख वक्त्याचे नाव निघाले म्हणजे 'फार सुंदर बोलले' एवढे सांगून थांबतो. काय बोलले, ते त्याला आठवत नसते. जिला आपण स्फूर्ती म्हणतो ती वस्तू पुष्कळदा कापरासारखी असते. पेटते तेव्हा डोळे दिपतात, आणि मागे राखदेखील राहत नाही.

म्हणूनच ज्या एका अधिवेशनातील एका छोट्या भाषणाने शंभर वर्षे काम दिले, त्याची हकीकत आपल्यापुढे ठेवावी असे वाटते. दिवस ३० जून १९२५. स्थळ अमेरिकेच्या ओहायो राज्यातील सीडर पॉइंट. प्रसंग लायन्स क्लबांच्या नवव्या वार्षिक अधिवेशनाचा. आणि बोलणारी व्यक्ती हेलन केलर. ते भाषण छापले तर दोन पानांत मावते. परंतु त्या दोन पानांनी एका संस्थेला तिचे जीवितकार्य मिळवून दिले. असे का घडले, हे समजून घ्यायचे तर बोलणारी आणि ऐकणारे अशा दोघांचीही पूर्वपीठिका पाहावी लागेल.

प्रथम ऐकणाऱ्यांकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी शिकागो हे झपाट्याने वाढणारे, गजबजलेले आणि माणसाला एकाकी करून सोडणारे शहर होते. लहान गावांतून आलेल्या धंदेवाईकांना तेथे गिऱ्हाईक मिळे, पण स्नेही मिळत नसे. या एकटेपणातूनच पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी आपल्या तीन परिचितांना एकत्र जमविले, आणि रोटरी क्लबाचा जन्म झाला. बैठक आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरे, म्हणून हे नाव. लवकरच हॅरी रगल्स नावाचा एक छापखानदार सभासद झाला. बैठक रेंगाळू लागली की हा गृहस्थ उठे आणि सगळ्यांना गाणे म्हणायला लावी. पोक्त व्यापाऱ्यांनी भरदुपारी एका सुरात गाणी म्हणायची ही प्रथा पुढे गावोगावच्या क्लबांत पसरली.

१९१५ मध्ये डेट्रॉइट येथे किवानिस निघाला. आणि १९१७ मध्ये मेल्विन जोन्स या शिकागोच्या विमा-व्यावसायिकाच्या खटपटीने निरनिराळ्या व्यापारी मंडळांचा संघ होऊन लायन्स क्लबांची संघटना उभी राहिली. तिचे पहिले अधिवेशन त्याच वर्षी ऑक्टोबरात टेक्सासमधील डॅलस येथे भरले. सभासदांची आर्थिक भरभराट हे कोणत्याही क्लबाने आपले उद्दिष्ट म्हणून पुढे करू नये, असा दंडक या संस्थेने आरंभीच घालून घेतला. धंद्यात एकमेकांना हात देण्यासाठी जमलेल्या माणसांनी असा नियम करावा, ही लहान गोष्ट नव्हती.

तथापि या मंडळींचा बाज गंभीर नव्हता. लायन्स क्लबांत 'टेल ट्विस्टर', म्हणजे शेपूट पिरगाळणारा, असा एक पदाधिकारीच असतो. सभासदांच्या खोड्या काढणे, क्षुल्लक कारणावरून दंड ठोठावणे आणि सभेला हसत ठेवणे हे त्याचे काम. वार्षिक अधिवेशनात गाण्याबजावण्याला आणि मिरवणुकीला कधी तोटा नसे. बाहेरच्या माणसाला हा पोरखेळ वाटे. १९२२ मध्ये सिंक्लेअर लुइस याची 'बॅबिट' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यात एका मध्यमवर्गीय जमीन-दलालाच्या निमित्ताने अशा क्लबांची, त्यांच्या पाठीवर थापा मारण्याची आणि पोकळ वक्तृत्वाची यथेच्छ टवाळी आहे. ती सर्वस्वी अन्यायाची होती असे म्हणता येणार नाही. उत्साह अमाप होता, सेवेचा शब्द सतत ओठांवर होता, आणि सेवा नेमकी कोणाची व कशी, हे मात्र पुष्कळदा ठरलेले नसे. एका गावचा क्लब बालोद्यान बांधी, दुसरा रस्त्यावर दिवे लावी. घोडा जुंपलेला होता, पण गाडी कोठे न्यायची हे कोणी सांगितले नव्हते.

भाषणाची आणि करमणुकीची ही जोडी अमेरिकेत क्लबांच्याही आधीची होती. १८७४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील शटॉक्वा सरोवराच्या काठी रविवारच्या शाळांच्या शिक्षकांसाठी एक उन्हाळी मेळावा सुरू झाला. पुढे त्याच नावाने फिरते मांडव गावोगाव जाऊ लागले. दिवसभरात तेथे एखादे प्रवचन होई, एखादे शास्त्रीय व्याख्यान होई, मध्ये वाद्यवृंद वाजे, कोणी नकला करी. रसेल कॉनवेल या धर्मोपदेशकाने आपले एकच व्याख्यान सहा हजारांहून अधिक वेळा दिले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. व्याख्यान हा तेथे रीतसर धंदा झाला होता आणि वक्त्यांचे दौरे ठरविणाऱ्या कंपन्या होत्या. १८९३ च्या सर्वधर्मपरिषदेनंतर स्वामी विवेकानंदांनीही काही महिने अशाच एका कंपनीच्या करारावर व्याख्याने दिली, आणि त्या बाजारी धावपळीला कंटाळून ती सोडली. आपल्याकडे न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ मध्ये, म्हणजे शटॉक्वाच्या दुसऱ्याच वर्षी. दोहोंचा एकमेकींशी संबंध नाही. परंतु उन्हाळ्याच्या सुटीत लोकांना एकत्र बसवून चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकवाव्यात, ही बुद्धी दोन खंडांत जवळजवळ एकाच वेळी व्हावी, हे मौजेचे आहे.

आता बोलणाऱ्या व्यक्तीकडे येऊ. हेलन केलर यांचा जन्म २७ जून १८८० रोजी अलाबामा राज्यातील टस्कंबिया या गावी झाला. वयाच्या एकोणिसाव्या महिन्यात एका दुखण्याने त्यांची दृष्टी आणि श्रवणशक्ती दोन्ही गेली. ३ मार्च १८८७ रोजी ॲन सुलिव्हन ही तरुण शिक्षिका त्यांच्या घरी आली. एप्रिलमध्ये पंपाच्या पाण्याखाली एक हात धरला असताना दुसऱ्या हातावर बोटांनी काढलेल्या अक्षरांचा अर्थ त्या मुलीला उमगला. ही कथा आपण शाळेच्या पुस्तकांतून ऐकली आहे. तिच्यातली एक गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानात नसते. प्रकाश देणारी ती शिक्षिका स्वतः अधू दृष्टीची होती. लहानपणी दारिद्र्यात तिचे डोळे खुपऱ्यांच्या रोगाने बिघडले होते, आणि शस्त्रक्रियांनी थोडीफार दृष्टी परत मिळाली होती. स्वच्छ पाणी आणि वेळेवर औषध मिळाले असते तर टळू शकणारे असे ते अंधत्व होते.

हेलन केलर १९०४ मध्ये रॅडक्लिफ महाविद्यालयाच्या पदवीधर झाल्या. त्यांचे आत्मचरित्र त्यापूर्वीच, १९०३ मध्ये, प्रसिद्ध झाले होते. परंतु लौकिकाने चरितार्थ चालत नाही. १९१३ पासून त्या ॲन सुलिव्हन यांच्यासह व्याख्यानांचे दौरे करू लागल्या. त्या बोलायला शिकल्या होत्या हे खरे; पण जो स्वर आपल्याला कधी ऐकू आलेला नाही तो ताब्यात ठेवणे किती कठीण असेल, याची कल्पना करावी. त्यांचे उच्चार नवख्या माणसाला कळत नसत. म्हणून सोबतीण प्रत्येक वाक्य पुन्हा म्हणे. संगीतशिक्षकाकडे त्यांनी आवाज कमावण्याचे धडे घेतले, तरीही पहिल्या सभेनंतर त्या निराश होऊन व्यासपीठावरून उतरल्या. पुढे त्यांनी शटॉक्वाचे मांडवही पाहिले.

आणि मग १९२० मध्ये त्यांनी एक असे पाऊल टाकले, की त्यामुळे त्यांच्या अनेक हितचिंतकांनी कपाळाला हात लावला. त्या व्हॉडव्हिलमध्ये गेल्या. व्हॉडव्हिल म्हणजे त्या काळचा तिकीट लावून होणारा मिश्र करमणुकीचा खेळ. एका प्रयोगात कसरतपटू येत, शिकविलेली जनावरे येत, विनोदी जोड्या येत, गाणारे येत. या साऱ्यांच्या मध्ये वीस मिनिटे हेलन केलर आणि ॲन सुलिव्हन रंगभूमीवर येत. शिक्षिका ती पंपाची हकीकत सांगे. हेलन केलर तिच्या ओठांवर व गळ्यावर बोटे ठेवून शब्द कसे ओळखतात ते दाखवीत, चार वाक्ये बोलत. शेवटी प्रेक्षक प्रश्न विचारीत, आणि त्यांना त्या अशी चटकदार उत्तरे देत की नाट्यगृह हसून जाई. टाळ्यांचा कडकडाट त्यांना ऐकू येत नसे. रंगमंचाच्या फळ्यांचे कंपन पायांना जाणवे, त्यावरून त्या तो ओळखीत. हे त्यांनी १९२४ पर्यंत केले.

दुर्दैवाचा हा बाजार आहे, असे काहींना वाटले. स्वतः हेलन केलर यांचे मत निराळे होते. व्याख्यानांच्या दौऱ्यापेक्षा येथे प्राप्ती अधिक होती, रोजच्या रोज गाव बदलण्याची दगदग नव्हती, आणि रंगभूमीवरच्या त्या धडपड्या, मोकळ्या माणसांचा सहवास त्यांना आवडला, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले. ॲन सुलिव्हन यांना मात्र हे जीवन रुचले नाही. झगझगीत दिव्यांनी त्यांचे आधीच दुखावलेले डोळे पोळत. ज्या प्रकाशात एक दिसत असे, तोच प्रकाश दुसरीची दृष्टी खात होता. करमणुकीच्या धंद्याची ही किंमत आपण विसरू नये.

परंतु या चार वर्षांत एक विद्या पदरी पडली. तिकीट काढून हसायला आलेल्या, किंचित अस्वस्थ असलेल्या, दया दाखवावी की टाळी वाजवावी हे न कळणाऱ्या लोकांशी कसे बोलावे, हे हेलन केलर तेथे शिकल्या. पाल्हाळ चालत नाही. करुणेचा सूर लावला की श्रोता अवघडतो. पहिल्या दोन वाक्यांत त्याला हसविले, की तो आपल्या बाजूस येऊन बसतो. आपल्या कीर्तनकारांना ही गोष्ट शेकडो वर्षांपासून ठाऊक आहे. निरूपण जड होऊ लागले की बुवा एखादे पद उचलतात, एखादी कोपरखळी मारतात, आणि सभा सावरून बसली की पुन्हा मूळ सूत्र हाती घेतात. विनोद हा तेथे विषयाचा शत्रू नसतो; विषय आत नेणारा तो वाटाड्या असतो.

१९२४ मध्ये हेलन केलर अमेरिकन फाउंडेशन फॉर द ब्लाइंड या संस्थेच्या कामाला लागल्या. ही संस्था १९२१ मध्ये स्थापन झाली होती. अंधांसाठी काम करणाऱ्या विखुरलेल्या प्रयत्नांना एकसूत्रीपणा आणावा, ब्रेलमधील पुस्तके वाढावीत, अंधांना शिक्षण व रोजगार मिळावा, हा तिचा हेतू. तिला पैसा हवा होता आणि पैशाहून अधिक गावोगावची माणसे हवी होती. अशा वेळी लायन्स क्लबांचे अधिवेशन हे स्थान किती योग्य होते, ते वेगळे सांगायला नको.

आता सीडर पॉइंट डोळ्यांपुढे आणा. सॅन्डस्की शहराजवळ ईरी सरोवरात शिरलेली ती एक चिंचोळी जमीन. १८७० पासून लोक तेथे जलविहारासाठी येत. पुढे वाळूच्या किनाऱ्यावर १९०५ मध्ये ब्रेकर्स नावाचे भव्य हॉटेल उभे राहिले. नृत्यगृह होते, घसरगाड्या होत्या, उन्हाळ्यात आगबोटी भरभरून सहली येत. अधिवेशनवाल्यांना अशी जागा फार सोयीची. सकाळी ठराव आणि संध्याकाळी सरोवराचा वारा. अशा हवेत गंभीर विषय काढणाऱ्याची काय अवस्था होत असेल, याचा अनुभव सभांत बोलणाऱ्या प्रत्येकाला आहे.

हेलन केलर यांना पंचेचाळीस वर्षे पूर्ण होऊन तीनच दिवस झाले होते. त्यांनी सुरुवात केली ती अंधत्वाच्या वर्णनाने नव्हे, तर एका थट्टेने. संधी नावाची एक लहरी स्त्री असते, ती प्रत्येकाच्या दारावर एकदाच थाप मारते आणि दार लवकर उघडले नाही तर निघून जाते, ही पाश्चात्त्यांची जुनी कल्पना त्यांनी सांगितली. सुंदर स्त्रिया ताटकळत उभ्या राहत नसतात, त्यांना बाहेर जाऊन गाठावे लागते, असे म्हणून त्यांनी त्या पुरुषांच्या सभेला हसविले. आणि लगेच सांगितले, की आज ती संधी मीच आहे, तुमच्या दारावर मी थाप मारते आहे, मला दत्तक घ्या. फाउंडेशन अवघे चार वर्षांचे आहे, तेव्हा या सभेत सर्वांत लहान मीच, असेही त्या म्हणाल्या. दत्तक जाण्यासाठी स्वतःच दारात येऊन उभे राहिलेले हे मूल पाहून कोणाला हसू आले नसेल?

हसू ओसरण्यापूर्वीच त्यांनी पुढचे पाऊल टाकले. आजच, या क्षणी, तुमची दृष्टी गेली अशी कल्पना करा, असे त्यांनी सांगितले. भरदुपारी रात्रीसारखे चाचपडणे, हातचे काम गेलेले, स्वातंत्र्य गेलेले. अशा वेळी कोणी हात धरून म्हणाले, की चल, पूर्वी करीत होतास त्यांतली काही कामे पुन्हा कशी करायची ते मी शिकवितो, तर बरे वाटणार नाही काय? अंधाला काय हवे, याचे याहून नेमके वर्णन क्वचितच झाले असेल. त्याला भिक्षा नको आहे; गेलेले काम परत हवे आहे. मग त्यांनी आपल्या शिक्षिकेचा उल्लेख केला, आणि सांगितले की पैशापेक्षाही आम्हांला तुमची आस्था हवी आहे, आस्थेविना दिलेले दान पोकळ असते.

शेवटी मागणे आले, आणि ते कमालीचे स्पष्ट होते. टाळता येण्याजोगे अंधत्व कोठे उरू नये. अंध व बहिरे असे एकही मूल शिक्षणावाचून राहू नये. एकही अंध स्त्री वा पुरुष साहाय्यावाचून राहू नये. तो दिवस लवकर यावा म्हणून, ज्यांना डोळे आहेत, कान आहेत, बळ आहे, त्यांनी अंधाराविरुद्धच्या या लढ्यात अंधांचे वीर व्हावे. एवढे बोलून, आभार मानून त्या थांबल्या.

यातील पहिले मागणे केवळ अलंकार नव्हते, हे लक्षात घेतले पाहिजे. जन्मतःच मातेकडून होणाऱ्या संसर्गामुळे त्या काळी अनेक अर्भके आंधळी होत. जन्मल्याबरोबर डोळ्यांत चांदीच्या क्षाराचे थेंब घातले तर हे टळते, ही गोष्ट वैद्यांना एकोणिसाव्या शतकातच कळली होती. पण या रोगाचा संबंध लैंगिक आजाराशी असल्यामुळे सभ्य घरांत त्याचे नाव काढीत नसत, आणि त्या मौनात मुलांचे डोळे जात. १९०७ मध्ये हेलन केलर यांनी स्त्रियांच्या एका लोकप्रिय मासिकात हा विषय उघडपणे मांडला होता. कारखान्यांतील अपघात आणि दारिद्र्य यांतूनही अंधत्व येते, हे पाहिल्यावर १९०९ मध्ये त्या समाजवादी पक्षाच्या सभासद झाल्या. अशी ही स्त्री व्यापारी आणि विमेवाल्यांच्या सभेत येऊन मदत मागत होती. तेथे तिने कोणाचा पाणउतारा केला नाही, आणि मागण्यांतला एकही शब्द सौम्य केला नाही.

अधिवेशनाने हे कार्य आपले मानले. पुढे काय झाले, ते इतिहासात नमूद आहे. १९३० मध्ये इलिनॉय राज्यातील पिओरिया येथील क्लबाचे अध्यक्ष जॉर्ज बॉनम यांनी एका अंध माणसाला रस्ता ओलांडताना पाहिले. त्याच्या हातातील काळी काठी मोटारवाल्यांना दिसतच नव्हती. काठी पांढरी रंगवावी आणि तिच्यावर तांबडा पट्टा द्यावा, अशी कल्पना निघाली, आणि त्याच वर्षी पिओरियाच्या नगरपालिकेने पांढरी काठी घेतलेल्या पादचाऱ्याला वाट देण्याचा नियम केला. इंग्लंडात ब्रिस्टल येथील जेम्स बिग्ज यांनी आपली काठी १९२१ मध्येच पांढरी रंगविली होती, हेही येथे सांगितले पाहिजे. पण ती अमेरिकेतील गावागावांत पोचविली लायन्स क्लबांनी. १९३९ मध्ये डेट्रॉइट परिसरातील सभासदांनी अंधांसाठी वाटाडे कुत्रे तयार करणारी शाळा काढली. पुढे नेत्रपेढ्या आल्या, चष्म्यांची वाटपे आली, नेत्रशिबिरे आली, आणि १९९० मध्ये टाळता येणाऱ्या अंधत्वाविरुद्ध जगभराची मोहीम सुरू झाली.

आपल्या देशात रोटरी आधी आली, १९१९-२० च्या सुमारास कलकत्त्यास आणि १९२९ मध्ये मुंबईस. लायन्सचा देशातील पहिला क्लब १९५६ मध्ये मुंबईत स्थापन झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९५५ मध्ये, पंचाहत्तरीकडे झुकलेल्या हेलन केलर भारतात येऊन गेल्या होत्या. अंधांसाठी काम करणारी राष्ट्रीय संस्था मुंबईत १९५२ मध्येच उभी राहिली होती. मोतीबिंदूने अंध झालेल्या खेडुतांसाठी शाळेच्या वर्गखोल्यांत भरणारी शिबिरे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. डोळ्यांवरची पट्टी सुटल्यावर नातवाचे तोंड चाचपून नव्हे, तर पाहून ओळखणारी म्हातारी पाहिली असेल. तिला सीडर पॉइंट ठाऊक नसते, आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही.

येथवरची कथा गोड आहे. पण इतिहास सांगणाऱ्याने गोडीवर थांबू नये. त्या भाषणातील 'अंधांचे वीर' या शब्दांतच एक अडचण दडलेली होती. वीर म्हटले की ज्याचे रक्षण करायचे तो दुबळा ठरतो. आमच्यासाठी कोणी लढावे यापेक्षा आम्हीच आमचे बोलावे, असे पुढे अंधांना वाटू लागले, आणि १९४० मध्ये जेकोबस टेनब्रोक या अंध विद्वानाच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील अंधांनी स्वतःचा राष्ट्रीय संघ स्थापन केला. काठीचेच उदाहरण घ्या. १९३० ची पांढरी काठी ही मुख्यतः डोळसांसाठी केलेली खूण होती. मोटारवाल्याने पाहून थांबावे एवढाच तिचा उपयोग. १९४४ मध्ये रिचर्ड हूव्हर यांनी युद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी लांब काठी आणि ती दोन्ही बाजूंस फिरवीत चालण्याची पद्धत तयार केली, तेव्हा ती काठी अंधाचे स्वतःचे साधन झाली. खूण आणि साधन यांतील हे अंतर म्हणजेच दया आणि हक्क यांतील अंतर होय.

दुसरी विसंगती याहून ठसठशीत आहे. ज्या संस्थेला हेलन केलर यांनी तिचे कार्य दिले, तिचे दार स्त्रियांना बंद होते. दत्तक घेण्याची विनंती त्यांनी थट्टेने केली खरी, पण त्या घरात पूर्ण हक्काची सभासद म्हणून कोणाही स्त्रीला प्रवेश नव्हता. लायन्स क्लबांनी तो दिला १९८७ मध्ये, तैपेई येथील अधिवेशनात. सीडर पॉइंटनंतर बासष्ट वर्षांनी आणि हेलन केलर यांच्या मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनी. त्या १ जून १९६८ रोजी वारल्या; १९७१ मध्ये लायन्सनी १ जून हा दिवस त्यांच्या स्मरणासाठी राखून ठेवला. म्हणजे स्मृतीला जागा आधी मिळाली आणि सभासदत्वाला मागाहून. दारावर थाप मारणारी आत येते, तिचे ऐकले जाते, टाळ्या पडतात, आणि तरीही दार पुरते उघडलेले नसते, असे जगात अनेकदा घडते.

हे सारे मान्य करूनही पहिला प्रश्न उरतोच. इतर हजारो भाषणे विरून गेली, हेच का टिकले? मला याची तीन कारणे दिसतात. पहिले असे, की त्यांनी श्रोत्यांना थोर होण्याचा उपदेश केला नाही, तर करण्याजोगे काम दिले. काम असे होते की ते लहान गावच्या क्लबालाही आपल्या शक्तीप्रमाणे उचलता यावे. दुसरे कारण ऐकणाऱ्यांच्या बाजूचे आहे. गाण्यांनी, थट्टेने, दंडांनी आणि मिरवणुकींनी ही माणसे आधीच एकमेकांशी बांधली गेली होती. ज्या पोरखेळाची कादंबरीकाराने टवाळी केली, त्यानेच अधिवेशन संपल्यावरही दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला पुन्हा एकत्र येणारी मंडळी निर्माण केली होती. स्फूर्ती त्यांच्या हाती पडली ती एकट्या माणसाच्या नव्हे, तर समुदायाच्या. आणि समुदायाला विसरणे जड जाते, कारण एक विसरला तर दुसरा आठवण करून देतो. तिसरे कारण खुद्द बोलणारीचे. तिने करमणुकीला कमी लेखले नाही. व्हॉडव्हिलच्या फळ्यांवर तिने जे कमावले, ते सीडर पॉइंटच्या सभेत सत्कारणी लावले.

श्रोतेहो, आकाशवाणीवरून बोलणाऱ्याला ही कथा विशेष जवळची वाटते. येथेही गाणे होते, बातम्या होतात, मधेच कोणी चार शब्द सांगून जातो. येथे बोलणारा ऐकणाऱ्याला पाहू शकत नाही आणि ऐकणारा बोलणाऱ्याला पाहू शकत नाही. ज्यांना डोळे आहेत आणि ज्यांना नाहीत, ते दोघेही या ध्वनिक्षेपकापुढे सारखेच बसलेले असतात. हेलन केलर यांना मात्र हे सुखही लाभले नव्हते. त्यांच्यापर्यंत शब्द यायचा तो दुसऱ्याच्या बोटांतून, हाताला हात लागल्यावरच.

२०२५ च्या जूनमध्ये त्या भाषणाला शंभर वर्षे झाली. त्यातली तीन मागणी आपण आजही एकेक करून आपल्या गावाला लावून पाहू शकतो. टाळता आले असते असे अंधत्व आपल्या आळीत कोणाला आले आहे काय? शाळेवाचून राहिलेले अंध वा बहिरे मूल आपल्या ओळखीचे आहे काय? काम करण्यास समर्थ असूनही केवळ दृष्टी नाही म्हणून घरी बसलेला कोणी शेजारी आहे काय? यांतील एकाचेही उत्तर 'आहे' असे असेल, तर थाप अजून वाजते आहे, असे समजावे. पुढच्या अधिवेशनाची वाट न पाहता दार उघडता येते.